गणवेश दाराबाहेर ठेवून द्यायची परीक्षा

नदीला पूर आलाय. मधल्या झाडाला धरून एक माणूस अडकलाय. अग्निशमन दलाचा जवान काठावर ड्रोन घेऊन उभा आहे. बॅटरी भरलेली, थर्मल कॅमेरा चालू. अडचण एवढीच की ही जागा जवळच्या विमानतळाच्या क्लास डी हवाई क्षेत्रात येते आणि उड्डाणाची परवानगी हातात नाही. आता सांगा, अमेरिकेच्या पार्ट १०७ या ड्रोन नियमावलीनुसार त्याने ड्रोन उडवावा का?

अमेरिकेतल्या एखाद्या फायर स्टेशनात हा प्रश्न टाकला, तर बहुतेकांचं उत्तर ‘अर्थात उडवावा’ असं येईल. ड्रोन पायलट होण्यासाठीच्या परीक्षेत ते चूक धरलं जाईल.

‘अहो, पण आणीबाणीत नियम बाजूला ठेवायची मुभा आहे ना?’ असं वर्गात कुणीतरी विचारतंच. मुभा आहे. ती कलम १०७.२१ मध्ये आहे आणि तिथले शब्द नीट वाचावे लागतात. ती मुभा उड्डाणातल्या आणीबाणीपुरती आहे. ड्रोन हवेत आहे, अचानक हेलिकॉप्टर अंगावर आलं, ते चुकवण्यासाठी ड्रोन ढगाजवळ न्यावा लागला, तर तेवढ्यापुरता नियम मोडला तरी चालतो. नंतर विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या एफएएने मागितला, तर लेखी अहवाल द्यायचा. खाली जमिनीवरचा पूर, आग, गोळीबार ही सगळी या कलमाच्या दृष्टीने उड्डाण सुरू करण्याची कारणं झाली, आणीबाणी नव्हे. माणूस खरोखरच बुडत असला तरीही.

पोलीस, अग्निशमन आणि बचाव पथकांतल्या लोकांची या परीक्षेची तयारी करून घेताना खरी मेहनत इथेच लागते. ही मंडळी हुशार असतात, दडपणाखाली काम करायची त्यांना सवय असते, नकाशे आणि रेडिओ रोजचे असतात. पण लाल दिवा लावला की सिग्नल तोडता येतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. पार्ट १०७ मध्ये लाल दिव्याला जागा नाही. तिथे शेरीफ आणि लग्नाचे व्हिडिओ काढणारा माणूस एकाच रांगेत उभे असतात.

आधी ही परीक्षा काय आहे ते पाहू. पार्ट १०७ म्हणजे ५५ पौंडांपेक्षा कमी वजनाच्या ड्रोनसाठीची नियमावली. ती २९ ऑगस्ट २०१६ पासून लागू आहे. त्याआधी असं काम करायला विशेष सूट मागावी लागे आणि ती मिळाली तरी ड्रोन चालवणाऱ्याकडे खऱ्या विमानाचा वैमानिक परवाना असावा लागे. आता वय किमान १६, इंग्रजी लिहिता-वाचता-बोलता येणं आणि एक लेखी परीक्षा एवढ्यावर भागतं. परीक्षा संगणकावर, मान्यताप्राप्त केंद्रात होते. ६० प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्याय, वेळ दोन तास, शुल्क १७५ डॉलर. ७० टक्के, म्हणजे ४२ उत्तरं बरोबर आली की झालं. नापास झाल्यास १४ दिवस थांबून पुन्हा शुल्क भरून बसायचं. पास झाल्यावर एफएएच्या संकेतस्थळावर अर्ज, मग सुरक्षा खात्याची पार्श्वभूमी तपासणी, मग प्रमाणपत्र.

यात एक गोष्ट नाही, हे लक्षात आलं का? उडवून दाखवायची परीक्षा. हातात ड्रोन कधीही न धरलेला माणूस कायदेशीर रिमोट पायलट होऊ शकतो. या मुद्द्याकडे पुन्हा येऊ.

काही वाचक म्हणतील, पण सरकारी दलांना तर वेगळी वाट आहे. आहे, आणि ती गोंधळाचं मोठं कारणही आहे. पोलीस किंवा अग्निशमन दल ‘सार्वजनिक विमान’ चालवणारी संस्था म्हणून एफएएकडून सीओए नावाचं मान्यतापत्र घेऊ शकतं. या वाटेने गेल्यास आपल्या पायलटला कोणतं प्रशिक्षण द्यायचं आणि त्याला पात्र कधी म्हणायचं, हे दल स्वतः ठरवतं. पण ही वाट सरकारी कामापुरतीच खुली आहे. कायद्याने अशा कामांची उदाहरणं दिली आहेत आणि त्यांत अग्निशमन, शोध व बचाव, कायदा-सुव्यवस्था ही कामं आहेत. दलाच्या भरती मोहिमेसाठी देखणा व्हिडिओ काढणं त्यात बसवताना वकिलाला घाम फुटेल. म्हणून बरीच दलं दोन्ही कागद जवळ ठेवतात आणि कुठलं उड्डाण कुठल्या नियमाखाली, हे निघण्याआधीच ठरवतात. मध्येच, ड्रोन हवेत असताना, ‘आता आपण सीओएवर आहोत’ असं म्हणणं हा शहाणपणा नव्हे.

परीक्षेला मात्र फक्त पार्ट १०७ माहीत असतो. सीओएखाली वर्षभर काम केलेला अनुभवी पोलीस म्हणूनच कधी कधी नवशिक्यापेक्षा जास्त चुकतो. त्याला आठवतं ते सगळं खरं असतं, फक्त दुसऱ्या नियमावलीतलं असतं. २०१८ च्या ऑक्टोबरपासून कॅलिफोर्नियातल्या चुला विस्टाचे पोलीस छपरावरून ड्रोन सोडून गस्तीच्या गाडीआधी घटनास्थळी पोचवतात. ते पाहून आलेला जवान ‘नजरेआड उडवता येतं’ अशी खूणगाठ बांधून बसतो. ते उड्डाण खास सवलत मिळवून होतं. परीक्षेत ड्रोन डोळ्यांना दिसलाच पाहिजे, तोही चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्सच्या पलीकडे कशाची मदत न घेता. दुर्बिणीतून दिसतोय, हे उत्तर चूक.

मूळ आकडे पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. जमिनीपासून कमाल उंची ४०० फूट. वेग ताशी १०० मैल. दृश्यता किमान ३ मैल. ढगापासून ५०० फूट खाली आणि आडवं २,००० फूट अंतर. दारू प्यायल्यापासून ८ तास आणि रक्तातलं प्रमाण ०.०४ टक्क्यांच्या खाली. रात्री उडवायचं तर ३ मैलांवरून दिसेल असा लुकलुकणारा दिवा. हे चार दिवसांत होतं, त्यावर शिकवणाऱ्याने वेळ घालवू नये. वेळ द्यायचा तो आकड्यांच्या कडेला असलेल्या गोष्टींना.

उदाहरणार्थ, माणसांवरून उडवणं. जी माणसं उड्डाणात ‘थेट सहभागी’ नाहीत त्यांच्या डोक्यावरून ड्रोन नेता येत नाही. हलक्या आणि ठरावीक वर्गांत बसणाऱ्या ड्रोनना काही सवलती आहेत, पण मूळ नियम हा. आता छपरावर चढून आग विझवणारे चार जवान या उड्डाणात थेट सहभागी आहेत का? ते त्याच दलाचे, त्याच घटनेवरचे, ड्रोनचं चित्र त्यांच्याच उपयोगासाठी. तरीही उत्तर ‘नाही’ आहे. थेट सहभागी म्हणजे पायलट, प्रत्यक्ष कंट्रोल हाताळणारा, ड्रोनवर नजर ठेवणारा निरीक्षक आणि उड्डाणाच्या सुरक्षिततेला लागणारी माणसं. आग विझवणारा आग विझवतोय, ड्रोन उडवत नाहीये. छप्पर असलेल्या जागेत किंवा उभ्या गाडीत बसलेल्या माणसाचा प्रश्न वेगळा, कारण त्याच्या डोक्यावर काहीतरी संरक्षण आहे.

धावत्या गाडीतून ड्रोन उडवायचं हेही पोलिसांना फार स्वाभाविक वाटतं. पार्ट १०७ ते फक्त विरळ वस्तीत चालवून घेतो. ड्रोनवरून वस्तू टाकता येते का? येते, खालच्या माणसाला किंवा मालमत्तेला विनाकारण धोका नसेल तर. म्हणजे बुडणाऱ्याजवळ लाइफ जॅकेट टाकायला या नियमाची आडकाठी नाही. मात्र घातक पदार्थ वाहून नेणं पूर्ण बंद. वणव्याच्या पुढे मुद्दाम पट्टा जाळण्यासाठी पेटते गोळे टाकणारे ड्रोन असतात, त्यांची वाट पार्ट १०७ मधून जात नाही.

अपघाताचा अहवाल हा आणखी एक हमखास प्रश्न. कुणाला गंभीर इजा झाली, कुणाचीही शुद्ध हरपली, किंवा ड्रोन सोडून इतर मालमत्तेचं ५०० डॉलरपेक्षा जास्त नुकसान झालं, तर १० दिवसांच्या आत एफएएला कळवायचं. आता समजा २० हजार डॉलरचा ड्रोन नदीत बुडाला, बाकी कुणाला काही झालं नाही. दलात हाहाकार होईल, चौकशी बसेल, पण या कलमाखाली अहवाल लागत नाही. उलट ड्रोनचा धक्का लागून एक जवान चार सेकंद बेशुद्ध पडला, लगेच उठून हसत कामाला लागला, तर अहवाल लागतो. दुखापतींच्या बाबतीत ‘अरे, काही नाही रे’ म्हणायची सवय असलेल्या लोकांना हे पचायला जड जातं.

आता नकाशा. परीक्षेला जाणाऱ्याला विचारा, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. उत्तर एकच येईल, सेक्शनल चार्ट. वैमानिकांसाठीचा हा नकाशा पहिल्यांदा पाहिला की कुणीतरी रंगपेटी सांडल्यासारखा दिसतो. परीक्षा केंद्रात नकाशांची एक पुस्तिका हातात देतात आणि प्रश्न तिच्यातल्या चित्रांवर येतात. हवाई क्षेत्र हा विषय एकूण प्रश्नांच्या १५ ते २५ टक्के आहे, म्हणून तो सोडून चालत नाही.

इथे माझं स्पष्ट मत आहे. परीक्षेच्या पुस्तिकेपासून सुरुवात करू नये. आपल्याच काउंटीचा चार्ट भिंतीवर लावा आणि पहिल्या दिवशी प्रत्येकाला आपलं स्टेशन शोधायला सांगा. अक्षांश-रेखांश वाचायला यातून आपोआप येतं, कारण एका अंशाची ६० मिनिटं आणि रेषेवर मिनिटामिनिटाला बारीक खूण, एवढंच ते आहे. मग विचारा, स्टेशनच्या डोक्यावर कुठलं क्षेत्र आहे? अखंड निळी रेषा म्हणजे ‘बी’ वर्गाचं क्षेत्र, अखंड किरमिजी म्हणजे सी, तुटक निळी म्हणजे डी, तुटक किरमिजी म्हणजे जमिनीपासून सुरू होणारं ई. या चारही ठिकाणी आधी परवानगी लागते. कडेला विरत जाणारी किरमिजी पट्टी दिसली तर तिथे ई ७०० फुटांवर सुरू होतं आणि त्याखालच्या ‘जी’ या अनियंत्रित वर्गाच्या क्षेत्रात परवानगीशिवाय उडवता येतं. रोज जिथून बंब बाहेर पडतो त्या रस्त्याशी हे रंग जोडले गेले की ते विसरत नाहीत.

दुसरी अडचण उंचीच्या दोन मापांची. नकाशावरची बरीच उंची समुद्रसपाटीपासून असते, आणि ड्रोनची ४०० फुटांची मर्यादा पायाखालच्या जमिनीपासून. एक टॉवर घ्या. त्याच्या शेजारी ठळक अक्षरांत १,२५० आणि कंसात ४०० असं छापलंय. टॉवरचं टोक समुद्रसपाटीपासून १,२५० फुटांवर आहे आणि टॉवर स्वतः ४०० फूट उंच आहे. म्हणजे तिथली जमीन ८५० फुटांवर. नियम असा की बांधकामापासून ४०० फुटांच्या परिघात राहिलात तर त्याच्या माथ्यावर आणखी ४०० फूट जाता येतं. तेव्हा या टॉवरजवळ ड्रोन जमिनीपासून ८०० फूट, समुद्रसपाटीपासून १,६५० फूट जाऊ शकतो. टॉवरला आग लागली असो वा फक्त वरचा दिवा तपासायचा असो, हिशेब तोच.

आता सी क्षेत्राची वरची पायरी. मोठ्या विमानतळाभोवतीचं क्षेत्र उलट्या ठेवलेल्या लग्नाच्या केकसारखं असतं. खाली अरुंद, वर रुंद. बाहेरच्या वर्तुळात ४१ आणि त्याखाली १५ असा अपूर्णांक लिहिलेला असेल, तर तो थर १,५०० फुटांपासून ४,१०० फुटांपर्यंत आहे. जमीन ६०० फुटांवर असेल तर थराचा तळ डोक्यावर ९०० फुटांवर आला. ४०० फुटांवर उडणारा ड्रोन त्याच्या खालून आरामात जातो, परवानगी लागत नाही. खालच्या आकड्याच्या जागी ‘एसएफसी’ असं लिहिलं असेल तर थर थेट जमिनीला टेकलाय, तिथे लागते. या एका उदाहरणावर अर्धा तास घालवला तरी हरकत नाही, कारण परीक्षेतल्या नकाशाच्या प्रश्नांचं एक मोठं कुटुंब याच युक्तीवर चालतं.

परवानगी कशी मिळते, हेही विचारतात. बऱ्याच नियंत्रित विमानतळांभोवती एफएएने चौकोनांची जाळी आखून प्रत्येक चौकोनात किती फुटांपर्यंत आपोआप परवानगी देता येईल ते ठरवून ठेवलंय. लान्स नावाच्या यंत्रणेतून, मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून, ती काही क्षणांत मिळते. चौकोनात शून्य लिहिलं असेल तर तिथे अशी झटपट परवानगी नाही.

हवामानाच्या धड्यात मात्र अग्निशमन दलाचे लोक वर्गाच्या पुढे असतात, विशेषतः वणवे विझवणारे. स्थिर आणि अस्थिर हवेतला फरक पुस्तकातून समजवायला तास जातो. यांनी तो डोळ्यांनी पाहिलेला असतो. धूर दरीत पसरून बसला, हलायचं नाव घेत नाही, म्हणजे हवा स्थिर, दृश्यता खराब, वारा शांत. धुराचा खांब सरळ वर उसळतोय, वर गोळा होऊन ढग बनतोय, म्हणजे हवा अस्थिर, दृश्यता चांगली, पण हादरे बसणार. परीक्षेत हेच प्रश्न थोड्या पुस्तकी शब्दांत येतात. उष्ण, दमट हवेत आणि उंचावर हवा विरळ होते, ड्रोन कमी ताकदीने उचलला जातो आणि बॅटरी लवकर संपते, हेही त्यांना पटकन पटतं. समुद्रसपाटीपासून मैलभर उंचावरच्या डेन्व्हरमध्ये जुलैच्या दुपारी चढावर होज ओढणाऱ्या माणसाला विरळ हवा म्हणजे काय हे फुप्फुसांनी शिकवलेलं असतं.

अडकतात ते सांकेतिक अहवालात. मेटार नावाचा हा ओळभर अहवाल असा दिसतो: २१०१२केटी ४एसएम बीआर ओव्हीसी००७ १७/१६. फोडून पाहू. वारा २१० अंशांकडून १२ नॉट. दृश्यता ४ मैल, बीआर म्हणजे विरळ धुकं. ओव्हीसी००७ म्हणजे आकाश पूर्ण झाकलेलं आणि ढगांचा तळ ७०० फुटांवर. तापमान १७, दवबिंदू १६. आता प्रश्न, किती उंच उडवता येईल? दृश्यता ३ मैलांपेक्षा जास्त आहे, ठीक. ढगाच्या ५०० फूट खाली राहायचं, म्हणजे ७०० उणे ५००. उत्तर २०० फूट. ‘४०० फूट’ हा पर्याय तिथे वाट पाहत बसलेला असतोच. आणि तापमान-दवबिंदूत फक्त एका अंशाचं अंतर उरलंय, तेव्हा तासाभरात दाट धुकं पडू शकतं, हे ज्याच्या लक्षात येतं त्याला हा धडा खरा कळला. अहवालातली वेळ झुलू, म्हणजे ग्रीनिचची. लॉस एंजेलिसची प्रमाणवेळ तिच्या ८ तास मागे असते.

वजन आणि कामगिरी हा भाग ७ ते ११ टक्क्यांचा, त्यावर एक संध्याकाळ पुरे. वळताना ड्रोन जितका कलतो तितका त्याच्या सांगाड्यावर भार वाढतो. ६० अंश कलला तर दुप्पट. ४० पौंडांच्या ड्रोनला तेव्हा ८० पौंड पेलावे लागतात. तक्ता पुस्तिकेत असतो, गुणाकार करायचा.

सगळ्यात मोठा वाटा, ३५ ते ४५ टक्के, ‘संचालन’ या गोळा-बेरीज विषयाचा. रेडिओवरचं बोलणं, धावपट्टीचे आकडे, रात्रीची नजर, थकवा, चमूचं काम, देखभाल, सगळं यात. रेडिओचं म्हणाल तर एक गंमत आहे. अमेरिकेतले बरेच पोलीस अक्षरं सांगताना अ‍ॅडम, बॉय, चार्ल्स म्हणतात. विमानवाल्यांचं अल्फा, ब्राव्हो, चार्ली. वीस वर्षं डेव्हिड म्हणणाऱ्याला डेल्टा म्हणायला लावणं हे हवाई क्षेत्र शिकवण्याइतकंच चिकाटीचं काम आहे. नऊचा उच्चारही तिथे ‘नायनर’ होतो.

रात्रीच्या नजरेवरचा धडा या लोकांसाठी थेट कामाचा आहे. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला सुमारे ३० मिनिटं लागतात आणि बंबाच्या लखलखत्या दिव्याकडे एकदा पाहिलं की ती सगळी कमाई जाते. अंधारात वस्तूकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहिलं तर ती जास्त स्पष्ट दिसते. एकट्या स्थिर दिव्याकडे टक लावून पाहिलं तर तो हलतोय असा भास होतो. घटनास्थळी पायलटला बंबांच्या दिव्यांपासून दूर, पाठ करून उभं करणं का गरजेचं, हे परीक्षेच्या निमित्ताने कळतं.

मानसिकतेचे पाच धोके पाठ करायला देतात. हुकूम न मानणं, उतावळेपणा, मला काही होत नाही ही खात्री, मर्दानगी दाखवणं आणि ‘माझ्या हातात काय आहे’ म्हणून सोडून देणं. या यादीतली मधली तीन नावं वाचताना फायर स्टेशनात हशा पिकतो आणि सगळे एकाच माणसाकडे बघतात. हशा संपला की प्रश्न सोडवायला द्यावेत. प्रत्येक वृत्तीवर एफएएने एकेक उपाय दिलाय, परीक्षेत जोड्या जुळवायला येतात.

पण या विभागातला सगळ्यात नाजूक मुद्दा हुकमाचा आहे. घटनास्थळी एक प्रमुख असतो, त्याचा शब्द शेवटचा. पार्ट १०७ म्हणतो, उड्डाणाबाबत रिमोट पायलटचा शब्द शेवटचा आणि जबाबदारीही थेट त्याचीच. चीफ म्हणतात, ‘अजून पाच मिनिटं वर ठेव, मला मागची बाजू पाहायचीय.’ पायलट म्हणतो, ‘चीफ, बॅटरी उतरलीय आणि मेडिकल हेलिकॉप्टर येतंय, मी खाली घेतोय.’ परीक्षेत दुसऱ्याचं बरोबर. माणसांना घेऊन उडणाऱ्या प्रत्येक विमानाला ड्रोनने वाट द्यायचीच असते. प्रत्यक्षात, दोन वर्षांच्या नोकरीतला पोरगा पंचवीस वर्षांच्या चीफला हे म्हणू शकेल का? म्हणून तयारीच्या वर्गात चीफनाही एक दिवस बसवावं, असं मला वाटतं. परीक्षा त्यांनी नाही दिली तरी चालेल.

तात्पुरती हवाई बंदी, टीएफआर, हा धडा शिकवायला ९ जानेवारी २०२५ चा प्रसंग पुरेसा आहे. लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स वणव्यावर पाणी टाकणाऱ्या, क्विबेकहून आलेल्या सुपर स्कूपर विमानाच्या डाव्या पंखाला एका खासगी ड्रोनने भोक पाडलं. विमान सुखरूप उतरलं, पण दुरुस्तीसाठी कामावरून काढावं लागलं. हवाई बंदी लागू होती. उडवणाऱ्याला नुसती हानी पाहायची होती आणि ड्रोन त्याच्या नजरेआड गेला होता. वर्गातल्या लोकांना अशा माणसाचा राग येतो. राग ओसरला की त्यांना विचारावं, त्याच बंदीत तुमच्या दलाचा ड्रोन समन्वयाशिवाय वर गेला असता, तर विमानाच्या पायलटला फरक कळला असता का? मोठ्या स्टेडियमवरच्या सामन्यांचंही तसंच. ३० हजार किंवा जास्त आसनांच्या मैदानाभोवती मोठ्या सामन्याच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत ३ नॉटिकल मैलांत आणि ३,००० फुटांपर्यंत बंदी असते. बंदोबस्तावरच्या पोलिसालाही आधी परवानगी काढावी लागते.

मग पुरातल्या त्या माणसाचं काय? त्याला वाऱ्यावर सोडलेलं नाही. एफएएची ‘विशेष शासकीय हित’ नावाची तातडीची प्रक्रिया अशाच वेळेसाठी आहे. दलाने अर्ज भरून एफएएच्या चोवीस तास चालणाऱ्या केंद्राला पाठवायचा, फोन करायचा, आणि अत्यावश्यक कामासाठी परवानगी किंवा सवलत लवकर मिळवायची. यासाठी पायलटकडे पार्ट १०७ चं प्रमाणपत्र किंवा दलाकडे सीओए आधीच असावं लागतं. अर्जाचा कोरा नमुना आणि केंद्राचा फोन नंबर ड्रोनच्या पेटीत, प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेला असला की काठावर उभ्या जवानाला वाद घालत बसावं लागत नाही.

तयारीचं वेळापत्रक पाळीप्रमाणे बसवावं लागतं. २४ तासांच्या पाळीत सलग दोन तास बसायला मिळतील अशी आशा ठेवू नये, घंटा कधीही वाजते. वीस-वीस मिनिटांचे तुकडे, प्रत्येकात एक नकाशा किंवा एक मेटार, असं सहा आठवडे चाललं तर पुरतं. पूर्ण सराव परीक्षा मात्र सुट्टीच्या दिवशी, शांत खोलीत, घड्याळ लावून. त्यात सलग तीनदा ८५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय १७५ डॉलर भरू नयेत. इंटरनेटवरच्या प्रश्नसंचांची घोकंपट्टी करणारा नकाशा बदलला की पडतो. अभ्यासाची पुस्तिका, नमुना प्रश्न आणि नकाशांची परीक्षेतलीच पुस्तिका एफएए फुकट देते, तीच आधी संपवावी.

आणि पास झालेल्याच्या हातात लगेच ड्रोन देऊ नये, कारण त्याने फक्त कागद जिंकलाय. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीने यासाठी एक साधी कसोटी बनवली आहे. मैदानात ठरलेल्या अंतरांवर बादल्या वेगवेगळ्या कोनांत बसवायच्या, आत अक्षरं चिकटवायची आणि पायलटने ड्रोन बरोबर समोर आणून ती वाचायची. स्वस्त आहे, मोजता येते, आणि कोण कुठे चुकतो ते लगेच कळतं. प्रमाणपत्रानंतर दर २४ महिन्यांनी उजळणी करावी लागते. २०२१ पासून ती ऑनलाइन आणि मोफत आहे. दलाच्या नोंदवहीत प्रत्येकाची ती तारीख लिहिलेली असावी, नाहीतर नेमक्या रात्री एकमेव हजर असलेल्या पायलटची मुदत संपलेली निघते.

राहता राहिली निकालाची चिठ्ठी. तिच्यावर फक्त टक्केवारी नसते, चुकलेल्या प्रश्नांच्या विषयांचे सांकेतिक क्रमांकही असतात. पास झालेला माणूस ती खिशात घालून विसरतो. शिकवणाऱ्याने ती मागून घ्यावी. पाच जणांच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि चौघांवर एकच क्रमांक दिसला, तर पुढच्या तुकडीसाठी भिंतीवरच्या त्या चार्टसमोर आपण नेमकं काय सांगितलं होतं, ते आठवून पाहावं लागतं.